छोट्या लाइनचे थांबे

नागपुरात सदरहून कडबी चौकाकडे निघालं की मोतीबाग लागते. मे महिन्यात भर दुपारी या रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पारा ४५ अंशांवर, बंद दारांआडून कूलरची घरघर. छावणीच्या आधाराने वाढलेली ही इंग्रजी अमदानीतली वस्ती अशा वेळी ओसाड मुलखासारखी वाटते, आणि मला छोट्या लाइनचे थांबे आठवतात.

मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं, म्हणजे या छोट्या लाइनचं संग्रहालय आहे. अडीच फुटी रुळांवरून धावलेली वाफेची इंजिनं आणि जुने डबे तिथे मायेने जपले आहेत. गाडी जपली गेली याचा आनंद आहे. पण थांबा कसा जपायचा?

बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी हे रूळ टाकले. इतवारीहून उमरेड, भिवापूर करत एक लाइन १९०८ मध्ये नागभीडला पोचली. दुसरी सावनेर, सौंसर, रामाकोना मागे टाकून सातपुड्याचा घाट चढत छिंदवाड्याला गेली. भीमालगोंदी, कुकडाखापा, उमरानाला ही नावं नुसती उच्चारली तरी डोंगरातला गारवा जाणवतो.

थांबा म्हणजे जमिनीलगतचा फलाट, एखादी खोली आणि एखाद्या झाडाची सावली. बाकी उन्हाने पांढरी पडलेली माती. गाडी नसताना तिथे काहीच नसे. गाडीची वेळ झाली की भाजीच्या टोपल्या, मिरचीची पोती, माहेरी निघालेल्या लेकी, तालुक्याच्या शाळेतली पोरं असं अख्खं गाव तिथे गोळा होई. डब्यात जागा सरकवून दिली जाई आणि दोन स्टेशनं जाईतो नातं निघे. त्या मुलखाला एकमेकांची ओळख रस्त्यांच्या आधी या थांब्यांनी करून दिली, असं मला ठामपणे वाटतं.

छिंदवाड्याची छोटी लाइन २०१५ मध्ये बंद झाली, नागभीडची २०१९ मध्ये. ब्रॉडगेज हवीच होती. दवाखान्यासाठी, कॉलेजसाठी नागपूर गाठणाऱ्याला वेग लागतोच. छिंदवाड्याकडे आता मोठी गाडी धावतेही. पण रुंद रूळ अंथरताना जुने उखडले गेले, आणि बिनउंचीचा तो फलाट नव्या भरावाखाली गेला.

ज्यांनी तिथे गाडीची वाट पाहिली, ती माणसं अजून आपल्या घरांत आहेत. आजीला, मामांना विचारा: कुठे चढायचात, पाणी कुठे प्यायचात, सोबतीला कोण असायचं? जे सांगतील ते थांब्याच्या नावासकट लिहून ठेवा. मोतीबागेच्या संग्रहालयाने एक भिंत या नावांसाठी राखून ठेवावी.