बांधलेलं झाड

आमचं घर रामघाटाच्या वरच्या गल्लीत आहे. सासूबाईंच्या खोलीला लागून छोटी गच्ची आहे, तिथून क्षिप्रेची संध्याकाळची आरती दिसते. अंगण मात्र नावालाही नाही, त्यामुळे झाडांची हौस कुंड्यांवरच भागवायची. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये भाचा पुण्याहून आला, तो माझ्यासाठी ज्युनिपरचं बोन्साय घेऊन. वीतभर उंची, वाकलेलं खोड, फांद्यांना तार गुंडाळलेली.

सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. म्हणाल्या, “अगं, याचे हातपाय का बांधलेत?”

मी हसण्यावारी नेलं. पण रात्री प्रतिक्रमणाला बसले आणि अडखळले. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाव्रताचे पाच अतिचार सांगितलेत, ते आपण सगळ्याजणी लहानपणापासून ऐकत आलोय. बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं आणि अन्नपाणी तोडणं. तार म्हणजे बंध, कात्री म्हणजे छेद. बोन्सायमध्ये मग उरलं काय? एकेंद्रिय जीवांची हिंसा गृहस्थाला पूर्ण टळत नाही, हे मलाही ठाऊक आहे. भाजी आपण चिरतोच. पण ती पोटासाठी. नुसत्या शोभेसाठी कापायचं, तर अनर्थदंड आणखी कशाला म्हणायचं?

म्हणून ठरवलं, याला कात्री लावायची नाही, फक्त जपायचं. मे महिन्यात उज्जैनचा पारा चाळिशीच्या वर जातो. झाड करपेल म्हणून मी ते आत आणलं. देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवलं, रोज सकाळी गाळलेलं पाणी घातलं, एक दिवस चुकवला नाही. दीड महिना ते हिरवंगार होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगायची, बघा, कसं मानवलंय! मग एक दिवस पुसताना हात लागला आणि पानं कुरकुरीत होऊन गळाली.

रोपवाटिकेतल्या माळीकाकांनी खोड नखानं खरवडलं. जीव असता तर सालीखाली हिरवं दिसलं असतं. तिथे सगळं तपकिरी होतं. ते म्हणाले, “ताई, हे केव्हाच गेलंय. ज्युनिपर मेल्यावरही कितीतरी आठवडे हिरवं दिसतं.” हे उघड्यावरचं झाड. त्याला रोज काही तास ऊन लागतं, वारा लागतो, हिवाळ्यातली थंडीही लागते. घरात ते टिकत नाही. त्यातून मी रोज पाणी ओतून मुळं कुजवली होती. मारायला कात्री लागलीच नाही, माझी माया पुरली.

त्यांच्याकडे कोपऱ्यात आणखी एक ज्युनिपर पडलं होतं. तार वेळेवर न काढल्यानं ती सालीत रुतलेली, म्हणून कुणी घेत नव्हतं. मी ते घरी आणलं. अशी तार उलगडायला गेलं तर फांदी मोडते, म्हणून वेढ्यावेढ्याला तोडून काढावी लागते. एक अख्खी दुपार त्यात गेली.

आता ते गच्चीतच असतं. सकाळचं ऊन, दुपारी हिरव्या जाळीची सावली. पाणी घड्याळ पाहून नाही, माती पाहून. पेरभर बोट खुपसायचं, वरचा थर सुकत आला असेल तरच घालायचं, तेही खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. आमच्या माळव्याची काळी माती पाणी धरून बसते, म्हणून कुंडीत जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडेच जास्त. उन्हाळ्यात लाल कोळी होतात. पांढऱ्या कागदावर फांदी झटकली की चालते ठिपके दिसतात. औषध मला मारवत नाही. रोज सकाळी पानांवर पाणी फवारते, ओलाव्यात ते फारसे वाढत नाहीत. छाटणी आत उजेड पोचेल एवढीच, आणि अष्टमी-चतुर्दशीला मुळीच नाही. ज्युनिपरची फांदी पार उघडी केली, तर ती पुन्हा फुटत नाही. त्यामुळे कात्री हातात घेऊन मी बराच वेळ नुसती बघत बसते.

तार काढत होते त्या दुपारी सासूबाई शेजारी खुर्चीत होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आम्ही त्यांचं खाली उतरणं बंद केलं होतं. आधी रोज सकाळी घाटावर फेरी आणि मग दानीगेटला अवंती पार्श्वनाथाचं दर्शन, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. पण पडल्या तर? म्हणून सामायिक घरात, स्तवन घरात, औषधं वेळेवर, मऊ खिचडी. सगळं न चुकता.

त्या सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, “आधीचं झाड आत नेलंस आणि गेलं. दिसायला मात्र हिरवंच होतं, नाही?”

मला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी ई-रिक्षा बोलावली. मंदिराच्या पायऱ्या चढताना त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. भीती मलाही होती, अजूनही आहे. पण आता आठवड्यातून तीन दिवस आम्ही जातो. येताना त्या घाटावर टेकतात आणि पाण्याकडे बघत राहतात. क्षिप्रेतही आता नर्मदेचं पाणी असतं. २०१४ पासून ते पाइपलाइननं आणून सोडतात. एवढ्या मोठ्या नदीलाही कुणीतरी पाणी पुरवावं लागतं, मग कुंडीतल्या झाडाचं काय? त्याला पाणी शोधत जाता येत नाही. ज्याला आपण बांधलं, त्याची भूक-तहान आपल्याकडे आली. ऊन-वाराही आपल्याकडेच आला, हे मात्र मला उशिरा कळलं. आपल्या घरांत ज्यांना आपण इतकं जपतो, त्यांना काय हवंय हे विचारायचं राहूनच जातं.

झाडावर तारेचे वळ अजून आहेत. खोड भरलं की बुजतील, असं माळीकाका म्हणतात. सासूबाई रोज उठल्यावर कुंडीत बोट घालून बघतात आणि तिथूनच ओरडतात, “आज घालू नकोस गं पाणी, ओली आहे!”