सीझरचा वध आणि बारभाईंचा मार्ग

पेण

रोहा मुक्कामी चि. भाच्यास,

ज्युलियस सीझरचा खून न्याय्य होता काय, या रोह्याहून आलेल्या प्रश्नाचे उत्तर केवळ सीझरच्या गुणदोषांत शोधून हाती लागत नाही; त्याला दूर करण्याचा दुसरा मार्ग उरला होता काय, आणि मारेकऱ्यांनी दुसऱ्या दिवसाची कोणती तजवीज केली होती, हेही पाहावे लागते.

इ. स. पूर्व 44 च्या आरंभी सीझरने तहहयात ‘डिक्टेटर’पद घेतले. मूळ रोमन प्रथेत हा संकटकाळी फार तर सहा महिन्यांसाठी दिलेला सर्वाधिकार होता, त्यामुळे तो आमरण धारण करणे म्हणजे प्रजासत्ताकच मोडीत काढणे होते, आणि एवढ्यापुरता मारेकऱ्यांचे पुढारी ब्रूटस व कॅशियस यांचा आक्षेप खराच होता. 15 मार्चला सीझरच्या अंगावर 23 घाव पडले. परंतु दोनच दिवसांनी सेनेटने, म्हणजे रोमच्या उमरावांच्या सभेने, मारेकऱ्यांना माफीही दिली आणि सीझरचे हुकूमही कायम ठेवले. सीझर जुलमी ठरवावा तर त्याचे हुकूम रद्द व्हावेत, आणि हुकूम रद्द करावेत तर त्यानेच ब्रूटस-कॅशियसना दिलेली ‘प्रीटर’ची, म्हणजे वरिष्ठ न्यायाधिकाऱ्याची, पदेही जावीत, असा तो पेच होता. ज्याला जुलमी म्हणून मारले त्याच्याच हुकुमांच्या आधारावर उभे राहणाऱ्यांनी प्रजासत्ताक परत आणले, असे म्हणणे कठीण आहे. पुढे यादवी माजली आणि इ. स. पूर्व 27 मध्ये सीझरचा दत्तक पुत्र ऑक्टेव्हियन ‘ऑगस्टस’ होऊन सीझरहूनही पक्का सत्ताधीश झाला.

आता आपल्याकडचा असाच प्रसंग पाहा. पुण्यात 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याला तर जुलमाचीही सबब नव्हती. थकलेल्या पगारासाठी चिडलेले गारदी, म्हणजे पगारी कवायती शिपाई, आत घुसले आणि जिवाच्या भीतीने चुलत्याला, रघुनाथरावांना, मिठी मारून बसलेल्या अठरा वर्षांच्या पेशव्याला त्यांनी ओढून काढून ठार केले. या खुनामागे हात असल्याबद्दल न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही मराठी राज्याच्या इतिहासातील अत्यंत अभिमानाची गोष्ट आहे.

तथापि खरा धडा बारभाईंनी, म्हणजे सखारामबापू बोकील, नाना फडणीस आदी कारभाऱ्यांच्या मंडळाने, घालून दिला. पेशवे होऊन बसलेले रघुनाथराव मोहिमेवर गेलेले पाहून त्यांनी नारायणरावांची गरोदर पत्नी गंगाबाई हिला पुरंदरावर सुरक्षित ठेवले, तिच्या नावाने कारभार चालवला आणि 18 एप्रिल 1774 रोजी जन्मलेल्या सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळवून दिली. पदावर बसलेला, शिवाय खुनाचा डाग लागलेला राज्यकर्ता त्यांनी असा दूर केला. त्यासाठी त्याच्यावर मारेकरी घालावे लागले नाहीत. हा मार्ग स्वस्त नव्हता. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले, 1775 पासून सात वर्षे युद्ध चालले आणि 1778 च्या अखेरीस इंग्रजी फौज पेणच्या शेजारी पनवेलला उतरून घाट चढली. पण जानेवारी 1779 मध्ये वडगावला तिलाच शरणागतीचा करार करावा लागला, कारण पुण्यात लढणारे सरकार जागेवर होते.

ब्रूटसजवळ सुरा होता, पण पुरंदरासारखी सोय नव्हती, आणि म्हणून त्याचा हेतू प्रामाणिक मानला तरी त्याचे कृत्य न्याय्य ठरत नाही. रघुनाथराव मात्र हे युद्ध मिटवणाऱ्या 1782 च्या सालबाईच्या तहानंतर नेमणूक घेऊन गोदाकाठी कोपरगावी राहिले आणि पुढच्याच वर्षी वारले.

बहुत काय लिहिणे.

शुभचिंतक,
मामा