वेबसाइटचं माजघर

बल्लाळदेवीच्या दर्शनाला लोक ज्या गावी येतात, ते चिखली तालुक्यातलं अमडापूर म्हणजे माझ्या मावशीचं गाव. मावशीच्या शेजारच्या काकांनी आपल्या ओसरीवर मुलांसाठी वाचनालय मांडलंय. दोन कपाटं, एक सतरंजी आणि काकांची लांबलचक वही, बस्स! या वाचनालयाची वेबसाइटही आहे बरं का. नववीतल्या माझ्या मावसबहिणीने आणि मी मिळून ती केली.

वेबसाइट दिसायला झकास. वर हिरवी पट्टी, खाली 'नवी पुस्तकं', 'सूचना' आणि 'तुम्ही लिहिलंत' अशी तीन दालनं. पण काका सूचना कागदावर लिहायचे आणि नातवाच्या हातात द्यायचे. नातू खेळून येणार, हातपाय धुणार, जेवणार, मग ती चढवणार! रविवारच्या कार्यक्रमाची सूचना एकदा सोमवारी लागली. वाचनालय काकांचं आणि किल्ली मात्र नातवाच्या खिशात, असा प्रकार.

असं का व्हायचं? तर अशा वेबसाइटला घरासारखी ओसरी असते आणि माजघरही असतं. ओसरी सगळ्यांना दिसते. माजघरात पासवर्ड देऊनच शिरायचं आणि तिथे मजकूर लिहायचा, बदलायचा. आमची वेबसाइट वर्डप्रेसवर आहे. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी २००३ साली सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात 'थीम' बदलली की ओसरीचं रूप पालटतं, माजघर मात्र होतं तसंच राहतं. काकांनी बाहेर 'सूचना' हा शब्द वाचलेला. आत गेले तर तो शब्दच नाही! सगळं इंग्रजीत. पोस्ट, मीडिया, प्लगइन...

"पोस्ट म्हणजे टपालच ना?" काकांनी विचारलं.

बहीण म्हणाली, "दादा, आतबाहेर एकसारखं करू या. पैठणीसारखं!" हातमागावरच्या पैठणीत नक्षीचे रंगीत धागे जागच्या जागी एकमेकांत अडकवतात, मागे लोंबकळत ठेवत नाहीत. त्यामुळे पदर उलटा धरला तरी जवळजवळ तसाच दिसतो. उपमा मला आवडली.

भाषेचं काम सोपं निघालं. २०१६ पासून वर्डप्रेसमध्ये माजघरात येणाऱ्या प्रत्येकाला आपापली भाषा निवडता येते. काकांसाठी मराठी निवडली. मग एक छोटं प्लगइन लिहून यादीतली नावं बदलली. 'पोस्ट'ची झाली 'सूचना', आणि क्रमही बाहेरच्यासारखाच लावला. हे बदल वर्डप्रेसच्या मूळ फायलींत करायचे नाहीत हं! नवी आवृत्ती आली की तिच्याबरोबर ते पुसले जातात. लिहायच्या चौकटीलाही बाहेरचीच अक्षरं दिली, ही सोय २०१० पासून आहे. आता काका लिहितात तेव्हाच कळतं की मथळा एका ओळीत मावतोय की घसरतोय. माझ्या मते सगळ्यात उपयोगी काम हेच.

राहिला रंग. २०१३ साली वर्डप्रेसने माजघरासाठी आठ रंगसंगती दिल्या, पण आमचा हिरवा त्यांत कुठला असायला! बहिणीने मग स्वतःच सीएसएसची फाइल लिहिली. सीएसएस म्हणजे कुठे कोणता रंग, केवढं अक्षर हे ब्राउझरला सांगणारी भाषा. तीच हिरवी पट्टी, तेच चित्र, तीच पांढरी जमीन. दोन खिडक्या शेजारी उघडल्या तर जुळी भावंडं!

काकांनी चष्मा पुसला, पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, मी आता अंदर हाये का बाहेर?"

आम्ही गप्प. प्रश्न अगदी बरोबर होता. बाहेर पुस्तकाच्या नावावर बोट पडलं तर फार तर पान उघडेल. आत मात्र नावाखालीच ते कचऱ्यात टाकायची सोय असते! मी म्हटलं, रंग वेगळा ठेवू. बहिणीला राग आला. चार दिवसांची मेहनत होती तिची. चहा होईपर्यंत बोलली नाही.

तोड मग तिनेच काढली. शब्द, क्रम, अक्षरं बाहेरचीच, पण आतली जमीन फिकट पिवळी. आणि वर पट्टी: 'ही आतली खोली. इथे केलेला बदल सगळ्या गावाला दिसतो.' मला हे वाक्य लांबट वाटत होतं. काका त्यातला एक शब्द काढू देईनात.

पहिली सूचना त्यांनी एका बोटाने टाइप केली. चांगला अर्धा तास लागला. 'रविवारी सकाळी नऊ वाजता गोष्ट सांगणार. सतरंजी आपली आपण झटकावी.' तेवढ्यात नातू धावत आला. "आजोबा, कागद द्या!"

"जाय, खेळ तू," काका म्हणाले आणि सूचनेतला काना नीट पडलाय का, ते पाहू लागले.