एका शेतकरी कुटुंबाच्या मागावर

खानेसुमारीच्या यादीत माणूस एका ओळीत मावतो. नाव, वय, धंदा, जन्म कुठला, लिहिता-वाचता येते की नाही, एवढे झाले की कारकुनाची लेखणी खालच्या ओळीवर. त्या ओळीमागे किती थंडी होती, किती कर्ज होते, याचा रकाना नसतो. तरीही गेले सहा महिने मी अशाच ओळींच्या मागे धावते आहे. त्याही आपल्याकडच्या नव्हेत. अमेरिकेच्या मधल्या सपाट मुलखातल्या एका परक्या शेतकऱ्याच्या घरच्या.

याला कारण आमचे इतिहासाचे सर. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्यांनी फर्मान काढले की, एकोणिसाव्या शतकातले एक साधे कुटुंब घ्या आणि मूळ कागदांवरून ते उभे करा. ऐकीव गोष्टी चालणार नाहीत. आपलेच घराणे घ्यावे असे साहजिकच मनात आले. पण आमच्या घरी पणजोबांच्या पलीकडे ‘ते वरच्या अंगाच्या गावाहून आले’ एवढेच ठाऊक. आपल्याकडेही १८८१ पासून दर दहा वर्षांनी खानेसुमारी होत गेली. परंतु घरोघर फिरून लिहिलेल्या याद्या जपून ठेवल्या गेल्या नाहीत. आकडे राहिले, माणसे गेली. अमेरिकेत तसे नाही. तिथे १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहीत. (गुलामांची नावे नाहीत, मालकाच्या नावाखाली नुसती वये. हेही त्या कागदांतच दिसते.) बहात्तर वर्षे उलटली की ते कागद सर्वांना खुले होतात, आणि आता तर संगणकाच्या पडद्यावर कोणालाही पाहता येतात.

कुटुंब निवडायला मला फार विचार करावा लागला नाही. आमच्या ग्रंथालयाच्या कोपऱ्यातल्या कपाटात लॉरा इंगल्स वाइल्डर या बाईंची ‘लिटल हाऊस’ मालेतली पुस्तके आहेत. त्यांतले पहिले १९३२ साली निघाले, तेव्हा बाईंचे वय पासष्ट होते. आपल्या लहानपणची, वडिलांच्या छप्पर घातलेल्या गाडीतून गावोगाव केलेल्या प्रवासाची गोष्ट त्यांनी लिहिली. मला वाटले, चला, एकीकडे पुस्तक आणि दुसरीकडे दप्तर. दोघांची गाठ घालून पाहू.

मूळ पुरुष चार्ल्स इंगल्स. जन्म १८३६, न्यूयॉर्क राज्यात. बायको कॅरोलाइन, जन्म १८३९, विस्कॉन्सिनची. लग्न १८६० साली. या तारखांचा मोठा आधार म्हणजे घरातले बायबल. बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्न, मृत्यू टिपून ठेवायची त्या लोकांची रीत होती. आपल्याकडे जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर मुलांच्या जन्मवेळा लिहून ठेवतात, तशी. थोरली मेरी १८६५ साली आणि धाकटी लॉरा १८६७ साली विस्कॉन्सिनमधल्या पेपिनजवळ जन्मल्या. इथवर पुस्तक आणि कागद बरोबरीने चालतात.

कॅन्ससमध्ये मात्र पाय अडकतो. पुस्तकात हे कुटुंब गवताळ मुलखात इंडिपेन्डन्स गावापासून चाळीस मैलांवर लाकडी घर बांधते, आणि लॉराला त्यातले सारे आठवते. तान्ही कॅरी तर गाडीतून त्यांच्याबरोबरच आलेली असते. आता कागद पाहा. कुटुंब तिथे १८६९ ते १८७१ होते, म्हणजे लॉरा दोन ते चार वर्षांची. कॅरीचा जन्म बायबलात स्पष्ट लिहिला आहे : ३ ऑगस्ट १८७०, माँटगोमेरी काउंटी, कॅन्सस. म्हणजे ती आली नाही, तिथेच झाली. आणि त्याच ऑगस्ट महिन्यात खानेसुमारीचा कारकून त्या वस्तीत घरोघर हिंडत होता. रटलंड टाउनशिपच्या यादीत इंगल्स कुटुंब सापडते.

त्या यादीत एक गोष्ट नाही, आणि मला तीच सर्वांत बोलकी वाटली. स्थावर मालमत्तेच्या रकान्यात काही नाही. कारकुनाने शेरा मारून ठेवला आहे की, ही जमीन ओसेज इंडियनांची असून वसाहतवाल्यांचा तिच्यावर हक्क नाही. पुस्तकात जे घर इतक्या प्रेमाने, एकेक ओंडका रचून बांधले आहे, ते दुसऱ्याच्या भुईवर होते. पुस्तकात ही माणसे जातात ती सरकारी सैनिक हुसकावतील या भीतीने. प्रत्यक्षात १८७० साली अमेरिकेच्या काँग्रेसने ओसेज लोकांना हलवण्याचा कायदा केला आणि जमीन एकरी सव्वा डॉलरने वसाहतवाल्यांना मोकळी झाली. सैनिकांनी हुसकावले नाही. उलट हुसकावले गेले ते ओसेज. इंगल्स १८७१ साली परतले याचे कारण दप्तरात साधे आहे. विस्कॉन्सिनमधली जमीन त्यांनी १८६८ साली हप्त्याने विकली होती. घेणाऱ्याला पैसे भागवता येईनात, जमीन पुन्हा गळ्यात आली.

चार्ल्सने कॅन्ससच्या जमिनीवर अर्ज केला नाही, त्यामुळे त्याच्या नावाचा कागदच नाही. मग ते घर नेमके कुठे होते हे कसे कळले? इथे एका स्थानिक अभ्यासक बाईंच्या डोक्याला मी मनोमन दंडवत घातला. खानेसुमारीचा कारकून एका घरातून शेजारच्या घरात जातो; तेव्हा यादीतला क्रम हाच त्याच्या पावलांचा क्रम. ज्या शेजाऱ्यांनी पुढे जमिनीचे अर्ज केले त्यांचे तुकडे नकाशावर मांडले, की मधे जो तुकडा मोकळा राहतो तो इंगल्सांचा. चाळीस मैल नव्हे, इंडिपेन्डन्सपासून अवघे तेरा मैल. १९७७ साली तिथे तशाच लाकडी घराची प्रतिकृती उभी केली. त्याच शेजाऱ्यांत डॉक्टर जॉर्ज टॅन हा कृष्णवर्णी वैद्य होता. तापाने घर झोपले तेव्हा औषध देणारा पुस्तकातला डॉक्टर टॅन तो हाच. एवढे नाव मात्र लॉराबाईंनी जसेच्या तसे ठेवले.

त्यानंतर मिनेसोटा. १८७४ साली चार्ल्सने वॉलनट ग्रोव्हजवळ प्लम क्रीकच्या काठी जमीन घेतली. गहू पेरला. टोळ आले. हे रॉकी पर्वताकडचे टोळ, १८७३ ते १८७७ या काळात त्यांनी तो सारा मुलूख खरडून काढला. (हा टोळ पुढे समूळ नाहीसा झाला, जिवंत असा शेवटचा दिसला १९०२ मध्ये, आणि चार्ल्स इंगल्सही वारला त्याच साली. दप्तरे चाळताना असले योगायोग उगाचच हाती लागतात.) टोळांचा प्रसंग पुस्तकात आहेच, पण एक कागद पुस्तकात नाही. सरकारी मदत हवी असेल तर शेतकऱ्याने आपल्याजवळ काहीही उरलेले नाही असे शपथेवर लिहून द्यायचे, असा नियम होता. ३० नोव्हेंबर १८७५ रोजी चार्ल्सने तशी सही केली. मिळाले काय? पिठाची दोन अर्धी पिंपे, किंमत सव्वापाच डॉलर.

कोणाचे देणे घेऊ नये, कोणापुढे हात पसरू नये, हा त्या पुस्तकांतला बाणा. म्हणून ती सही कळली तेव्हा मला थोडा धक्का बसला. मग सवयीने मी तारखेशेजारी घरातल्या माणसांची वये मांडली. मेरी दहा, लॉरा आठ, कॅरी पाच. आणि त्याच महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला एक मुलगा. चार्ल्स फ्रेडरिक, लाडाचे नाव फ्रेडी.

फ्रेडी त्या पुस्तकांत नाही. प्लम क्रीकचे पुस्तक १९३७ चे, त्यापुढचे १९३९ चे. दोहोंच्या मधल्या फटीत तो जन्मतो आणि मरतो. २७ ऑगस्ट १८७६ रोजी, मिनेसोटातच साउथ ट्रॉयजवळ, नऊ महिन्यांचा होऊन तो गेला. त्याची पुरल्याची जागा आज कोणाला ठाऊक नाही. १८७० च्या खानेसुमारीत तो असणे शक्य नाही. १८८० च्या येईतो तो उरला नाही. दर दहा वर्षांनी देशातले यच्चयावत माणूस मोजणाऱ्या त्या अफाट जाळ्यातून हे पोर सहज निसटले. १८८० साली कुटुंब डकोटात डे स्मेटला होते. तिथल्या मुलींची जन्मस्थाने ओळीने मांडली तर गाडीचा सारा रस्ता दिसतो : विस्कॉन्सिन, विस्कॉन्सिन, कॅन्सस, आणि धाकट्या ग्रेसचे आयोवा. मिनेसोटा मात्र दिसत नाही. तिथे कुटुंबाने पीक गमावले, मुलगा गमावला, आणि त्या ओळींत तिचे नावच नाही.

आयोवातले बर ओक गावही पुस्तकांत नाही. १८७६-७७ मध्ये तिथल्या एका खाणावळवजा हॉटेलात हे लोक राबले, आणि शेवटी भाडे थकले म्हणून रात्रीतून गाव सोडले. हे लॉराबाईंनीच १९३० साली लिहिलेल्या आत्मकथनात आहे. फ्रेडीही आहे. ‘पायोनियर गर्ल’ नावाचे ते लिखाण त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. ते २०१४ साली निघाले. म्हणजे बाई विसरल्या नव्हत्या. मुलांच्या पुस्तकातून त्यांनी ते बाजूला ठेवले, इतकेच. मला तरी यात लबाडी दिसत नाही. आमच्या सरांना दिसते. आमचा वाद अजून मिटलेला नाही.

डकोटाबद्दल फार लांबण लावत नाही, कारण तिथले कागद भरघोस आणि सरळ आहेत. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर, पाच वर्षे राहून कसून दाखवायचे, दोन शेजाऱ्यांची साक्ष. चार्ल्सने १८८० मध्ये अर्ज केला आणि १८८६ मध्ये हक्क सिद्ध केला. मेरी १८७९ साली आजारपणात आंधळी झाली. पुस्तकात कारण लालताप. २०१३ मध्ये काही डॉक्टरांनी जुनी पत्रे आणि वर्तमानपत्रे तपासून दाखवले की तो बहुधा मेंदूच्या आवरणाचा विषाणुजन्य दाह असावा. १८९० ची खानेसुमारी पाहायला जावे तर ती नाही. १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत तिची जवळजवळ सगळी बाडे गेली. वीस वर्षांचे भगदाड.

वंशवृक्ष काढायला बसले तेव्हा तो वर रुंद आणि खाली चटकन निमुळता झाला. मेरी अविवाहित. कॅरी आणि ग्रेस यांना मुले नाहीत. लॉराचा मुलगा १८८९ साली नाव ठेवण्यापूर्वीच गेला, मुलगी रोझ १९६८ साली निपुत्रिक वारली. चार्ल्स आणि कॅरोलाइन यांच्या रक्ताचे आज कोणीही नाही. ज्या कुटुंबाचा माग काढायला जगभरचे लोक डे स्मेटला जातात, त्याचे श्राद्ध घालायला घरचे माणूस नाही.

तो कागद मी घरी जेवणाच्या खोलीत पसरला होता. आजीला वाचता येत नाही. तिने बोट ठेवून एकेक चौकोन विचारला, आणि फ्रेडीच्या चौकोनाशी थांबली. “नऊ महिन्यांचं? आणि तरी मांडलंस?” मी म्हटले, मांडायचे असतेच. ती बराच वेळ गप्प होती. आम्हांला तिची पाच मुले माहीत. आत्या दोन, काका दोन आणि बाबा. म्हणाली, “मग माझी सहा लिही.”

बहात्तरच्या दुष्काळातला तो. सव्वा महिन्याच्या आतच गेला. बारसे झाले नव्हते. आजोबा तेव्हा रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते, आणि कामावर सुकडी मिळे. मी तिला विचारले, “त्याची कुठे नोंद?” तिला हसू आले. “नोंद कोण घालणार गं? पाणी आणायला माणूस नव्हतं घरात.” थोड्या वेळाने तीच म्हणाली, “हजेरीपट असायचा कामावर. मुकादम रोज नावं घ्यायचा. माझं नव्हतं त्यात, मी बाळंतीण होते. तुझ्या आजोबांचं होतं. तो गेला त्या दिवशी गेले नाहीत कामावर. तेवढी एक गैरहजेरी असेल.”

तो हजेरीपट कुठल्या कचेरीत असू शकेल, असे मी सरांना विचारले आहे. तहसीलच्या दप्तरखान्यात अर्ज करून पाहा, असे ते म्हणाले. अर्जात साल, गाव, रस्त्याचे नाव आणि मुकादमाचे आडनाव लागेल. मुकादमाचे आडनाव आजी आठवते आहे.