खापरपणजीचं नाव

इंदूरच्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आम्ही मल्हाररावांबरोबर आलो." माझ्या माहेरीही तेच. रामबागेतल्या घरी आजोबांनी स्वतः काढलेली वंशावळ फ्रेम करून लावलेली आहे. सगळ्यात वर लिहिलंय 'सुभेदारांच्या लष्कराबरोबर माळव्यात आगमन', आणि खाली सगळे पुरुष. आजी नाही, पणजी नाही, अर्थात मीही नाही.

सुभेदारांबरोबर खरंच आलेली घराणी आहेत. पण इंदूर होळकरांची राजधानी झालं ते १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर. अहिल्याबाईंचा कारभार महेश्वरहून चालायचा. पुढे दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज देऊन खंडव्याहून रेल्वे आणवली, आणि कारकून, मास्तर, वैद्य, भटजी गाडीत बसून आले. घोड्यावरून आलेल्यांपेक्षा गाडीतून आलेले जास्त असावेत असं मला नेहमी वाटायचं. काकांसमोर बोलायची सोय नव्हती.

माझा भाचा डब्लिनला नोकरीला आहे. तो सांगतो, तिथे अमेरिकेतून माणसं पणजोबांचं गाव शोधत येतात. १८४५ नंतर बटाट्याचं पीक सडलं, दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली, त्यांची ही पतवंडं. १९२२ च्या यादवीत तिथलं सरकारी दप्तर जळालं, जनगणनेचे जुने कागदही गेले. मग चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या चाळायच्या. त्यांत बहुधा आईचं माहेरचं आडनावसुद्धा असतं. "मावशी, आपल्याकडे असं काही नाही का गं?"

आहे की! नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. गेल्या वर्षी माझ्या भावाला नारायण-नागबळीसाठी त्र्यंबकेश्वरला जायचं होतं, मी नाशिकपर्यंत बरोबर गेले. गुरुजींना आडनाव, गोत्र सांगितलं. मूळ गाव आम्हाला माहीतच नव्हतं, म्हणून त्यांनी इंदूरच्या यजमानांची वही काढली. शके १८४२, म्हणजे १९२० चा लेख निघाला, खुद्द पणजोबांच्या हातचा, मोडीत. मोडीत आधी ओळ आखतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात, शब्द कुठे तुटतो ते कळत नाही. गुरुजी मात्र सरसर वाचत होते, "मूळ राहणार वाई, हल्ली मुक्काम इंदूर."

मग वाईची वही. तिथे शके १८१६ चा लेख, पणजोबांच्या वडिलांचा. 'राहणार वाई. भार्या अमुक. पुत्र एक.' म्हणजे १८९४ साली आमची मंडळी कृष्णेकाठीच होती. मल्हारराव जाऊन तेव्हा सव्वाशेहून जास्त वर्षं झाली होती.

पण मी अडखळले ते 'भार्या'पाशी. खापरपणजीचं नाव! आमच्या फ्रेममध्ये बायकांना जागा नव्हती, वहीत होती. कारण साधं आहे. श्राद्धाला आई, आजी, पणजी या तिघींची नावं घ्यावी लागतात, आईच्या वडिलांचंही. नाव माहीत नसेल तर पिंड द्यायचा कुणाला?

घरी येऊन वाचून दाखवलं. काका भडकले. "तू हे काय खोदकाम करून राहिली आहेस?"

आत्या सत्त्याऐंशीची आहे. ती शांतपणे म्हणाली, "बरोबर आहे ते. नवरा गेल्यावर त्या मुलाला घेऊन इकडे आल्या. लोकांकडे स्वयंपाक करायच्या. आजोबा कुणाकडे जेवून उठले की आधी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन स्वयंपाकीणबाईंना नमस्कार करायचे. आम्हाला हसू यायचं, तेव्हा आईने सांगितलं होतं."

"आणि तू इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही."

काका म्हणाले, "म्हणजे आपण स्वयंपाकिणीचे वंशज." आत्या म्हणाली, "मग? तिने चोरी केली का?"

त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. एकटी बाई, पदरात पोर, वाईहून इंदूर. मनमाड, भुसावळ, खंडवा, मग पातालपाणीचा घाट. कुणाच्या ओळखीने आली असेल? सोबत कोण होतं? लष्कराबरोबर येणं त्यापुढे मला सोपंच वाटतं.

वंशावळ आता नव्याने काढतोय, बायका-मुलींसकट. जुनी फ्रेम उतरवायची नाही, ही काकांची अट. तिचं नाव फेसबुकवर टाकायचं नाही, ही दुसरी. दोन्ही मान्य केल्या. परवा मात्र त्यांनी स्वतःच फोन करून विचारलं, "तिची तिथी लिहून आणलीस का?"

एक गोष्ट अजून अडली आहे. १९२० च्या लेखात तिच्या वडिलांचं नाव आणि गोत्र आहे, भारद्वाज, आडनाव नाही. तेव्हा ज्यांचं मूळ वाईचं, गोत्र भारद्वाज, आणि ज्यांच्या घरी 'आपली एक आत्या विधवा होऊन मुलाला घेऊन माळव्यात गेली' असं कधी बोललं गेलं असेल, त्यांनी मला निरोप पाठवा. मी नाव सांगते, तुम्ही ताडून बघा.