मोजे काढायला सांगते त्याचं कारण

चेहऱ्यावरच्या वांगासाठी आलेल्या बाईंनाही मी तपासणी संपता संपता मोजे काढायला सांगते. त्यांना नवल वाटतं. पण सावळ्या कातडीत मेलानोमा हा कर्करोग होतो, तेव्हा तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली सापडतो. उन्हाशी त्याचा फारसा संबंध नसतो. हाच तो ॲक्रल मेलानोमा. १९७७ साली गायक बॉब मार्लेच्या पायाच्या नखाखाली तो निघाला आणि १९८१ मध्ये, ३६व्या वर्षी, मार्ले गेला.

आजार इतका दुर्मीळ आहे, की त्यासाठी गावोगाव तपासणी शिबिरं भरवण्यात अर्थ नाही. तळव्यावरचे बहुतेक तीळ निरुपद्रवी असतात आणि आपल्या लोकांच्या नखांवर काळपट उभ्या रेघा पुष्कळदा दिसतात. प्रत्येक रेघेची बायोप्सी केली, तर कित्येकांची नखं विनाकारण कायमची विद्रूप होतील. कोणाला निर्धास्त घरी पाठवायचं आणि कोणाला थांबवायचं, हे ओळखण्यातच आमचं कसब आहे.

तळव्यावर डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं भिंग, टेकवला, की नांगरलेल्या शेतासारख्या सऱ्या आणि वरंबे दिसतात. वरंब्यांवर घामाच्या छिद्रांचे पांढुरके ठिपके ओळीने असतात. रंग सऱ्यांत साचलेला असेल, तर तो सहसा साधा तीळ. तो वरंब्यांवर चढलेला दिसला, की मी बायोप्सी सुचवते. नखावरची रेघ प्रौढ वयात एकाच बोटावर उमटून रुंदावत असेल किंवा तिचा रंग भोवतालच्या कातडीवर उतरला असेल, तरीही बायोप्सीच. मार लागून साकळलेलं रक्त नख वाढेल तसं पुढे सरकतं. रेघ मुळाशी तशीच राहते.

घात होतो तो भोवरी, चामखीळ किंवा मधुमेहाची जखम समजून महिनोन्‌महिने मलमपट्टी करत राहिल्याने. काही गाठींना तर काळा रंगही नसतो. १ मिलिमीटरपेक्षा कमी जाडीची गाठ वेळेवर काढली, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. लसिकाग्रंथींपर्यंत पोचलेला आजार आवरणं फार कठीण.

म्हणून नखं कापायला बसाल तेव्हा नेलपॉलिश पुसून नखं पाहा, तळवे आणि बोटांच्या बेचक्याही पाहा. वाकता येत नसेल, तर घरातल्या कोणाला तरी पाहायला सांगा. नवा किंवा वाढता डाग, न भरणारी जखम दिसली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि भोवरी पुन्हा पुन्हा कापून घेण्याआधी एवढं जरूर विचारा: बायोप्सी करायला हवी का?