घोरणाऱ्याचं पोट

सुटलेल्या पोटाला आपल्याकडे 'खात्यापित्या घरचा' म्हणून शाबासकी मिळते आणि घोरण्याला 'काय गाढ झोपलाय' म्हणून. दोन्ही कौतुकं महागात पडतात.

•

माणूस उताणा झोपला की पोटातली चरबी श्वासपटलाला वर छातीकडे रेटते. फुप्फुसं पुरती फुगत नाहीत, घशाला खालून मिळणारी ओढ सैल पडते, घसा लिबलिबीत होतो. त्यात जाड माणसाच्या जिभेतही चरबी असते! शेजारी झोपलेल्याला दिसतं ते एवढंच: घोरणं एकदम थांबलं, छाती-पोट धडपडतंय पण हवा जात नाही, मग मोठा आचका आणि पुन्हा घरघर. श्वास निदान 10 सेकंद अडला तर तो ॲप्निया. तासाला 30 वेळा किंवा जास्त श्वास अडत वा मंदावत असेल तर आजार तीव्र.

•

श्वास अडला की दरवेळी रक्तातला ऑक्सिजन उतरतो, बीपी उसळी घेतं. रात्री जे बीपी खाली यायचं, ते येतच नाही. एरवी हृदयविकाराने अचानक जाणारी माणसं सकाळी सहानंतर जास्त. ॲप्नियावाल्यांत मात्र मध्यरात्र ते सकाळी सहा हीच वेळ घाताची, असं मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 2005 साली दाखवलं.

•

'मी कुठे जाडा आहे?' असं म्हणणाऱ्यांनी 2004 सालच्या 'लॅन्सेट'मधली एक जोडी पाहावी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3. चरबी युडकिनांच्या अंगात 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2!

•

ॲप्नियावर मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन 1981 सालचं, सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांचं. घसा उघडा राहतो, दिवसाची पेंग जाते, गुणाचंच आहे. पण हृदयाचं काय? 2016 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या 2,700च्या वर रुग्णांत, मशीनमुळे हार्ट ॲटॅक किंवा पक्षाघात कमी झाले नाहीत. रात्रीचा सरासरी वापर मात्र जेमतेम 3.3 तास. मध्यरात्री मास्क भिरकावून दिल्यावर मशीन तरी काय करणार? 2014 सालचा एक अभ्यास आणखी बोलका आहे: शरीरातली सूज दाखवणारं सीआरपी नुसत्या मशीनने हललं नाही, वजन घटवल्यावर उतरलं. मशीन बंद करू नका. पण ते आणलं म्हणून पोट माफ होत नाही.

•

पोटाचा घेर विचारला की पँटचा नंबर सांगू नये. ढेरीवाले पट्टा ढेरीखाली बांधतात, त्यामुळे नंबर वर्षानुवर्षं तोच. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. पुरुषांना हद्द 90 सेंटिमीटर, बायकांना 80. त्यापुढे घेर आणि वर घोरणंही असेल, तर डॉक्टरांना स्लीप स्टडीचं विचारा. जाताना शेजारी झोपणाऱ्या माणसाला बरोबर न्या. रात्रीची हकीकत त्यालाच सांगता येईल.